अनोळखी पॅकेटसाठी किती मेमरी द्यायची?

या वेळच्या टपालात ऑपरेटिंग सिस्टिममधल्या डिनायल ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवाच बंद पाडणाऱ्या दोषांबद्दल बरीच पत्रं आहेत. बॅकअप आणि वाय-फायचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत, कारण या विषयाला दोन-दोन ओळींत उत्तरं देणं मला पटत नाही.

प्रश्न : एका संस्थेचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. सुरक्षा सूचनेत ‘परिणाम : डिनायल ऑफ सर्व्हिस’ असं लिहिलेलं असलं की आमचे साहेब म्हणतात, ‘माहिती तर चोरीला जात नाही ना? मग पुढच्या तिमाहीत बघू.’ अपडेटनंतर रीबूट करावं लागतं, म्हणून त्याला कोणीच तयार होत नाही. मॅडम, त्यांना कसं पटवू?

उत्तर : साहेबांना गुणांक दाखवा, पण तो कसा तयार झाला हेही सोबत वाचून दाखवा. दोषांची तीव्रता मोजण्याची सीव्हीएसएस ही पद्धत आहे. तिच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार एखादा दोष नेटवर्कवरून वापरता येत असेल, फार कौशल्य लागत नसेल, लॉगिन लागत नसेल, कोणी कशावर क्लिक करायची गरज नसेल आणि त्यानं फक्त सेवा पूर्ण बंद पडत असेल, तर त्याला दहापैकी ७.५ गुण मिळतात. एकही फाइल चोरीला न जाता साडेसात. लोक आपल्या सर्व्हरवर येतात ते त्यांचं काम व्हावं म्हणून. ते होत नसेल, तर आतली माहिती सुखरूप आहे हे ऐकून त्यांचा काय फायदा?

साहेबांच्या मनात बहुधा आणखी एक गैरसमज असेल. सेवा बंद पाडायला हजारो मशीनची फौज लागते असं अनेकांना वाटतं. नेटवर्कची लाइनच भरून टाकायची असेल तर लागतेही. ऑपरेटिंग सिस्टिममधला दोष मात्र वेगळा असतो. तिथे मोजकी, नीट जुळवलेली पॅकेट्स पुरतात. २०१९ चं उदाहरण घ्या. मी ते आकड्यांसकट लिहिते आहे, कागदावर गुणाकार करून दाखवा.

१७ जून २०१९ रोजी नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांना सापडलेले टीसीपीचे, म्हणजे इंटरनेटवर डेटा नीट पोचवणाऱ्या कोडमधले काही दोष जाहीर झाले. त्यातल्या सर्वांत गंभीर दोषाला ‘सॅक पॅनिक’ म्हणतात, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०१९-११४७७. टीसीपीमध्ये डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो. मधला एखादा तुकडा हरवला, तर घेणारा कळवतो की हे-हे पोचलं, मधलं एवढं राहिलं. याला सिलेक्टिव्ह ॲकनॉलेजमेंट किंवा सॅक म्हणतात. सोय फार चांगली आहे, कारण सगळं पुन्हा पाठवावं लागत नाही. पोच येईपर्यंत पाठवणाऱ्याचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तो डेटा बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात धरून ठेवतं आणि सॅकच्या नोंदी येऊ लागल्या की शेजारचे बफर एकमेकांत मिसळतं. लिनक्समध्ये अशा एका बफरला १७ भाग जोडता येतात आणि एक्स-८६ मशीनवर एका भागात ३२ किलोबाइट मावतात.

आता दुसरी बाजू. एका तुकड्यात जास्तीत जास्त किती डेटा चालेल, हे कनेक्शन उघडताना समोरचा सांगतो. समोरच्यानं सांगितलेली ४८ बाइटची मर्यादाही लिनक्स मान्य करत असे. त्यातले ४० बाइट टीसीपीचे ऑप्शन खाऊ शकतात, म्हणजे डेटासाठी उरले ८. आता १७ गुणिले ३२ गुणिले १०२४ करा. उत्तर येतं ५,५७,०५६. त्याला ८ नं भागा : ६९,६३२ तुकडे. आणि बफरमधल्या तुकड्यांची ही संख्या कर्नल १६ बिटांच्या जागेत ठेवत होतं, जिथे ६५,५३५ च्या पुढचा आकडाच मावत नाही. मोजणी कोलमडली की कर्नलमधल्याच एका तपासणीला ते खटकतं आणि कर्नल पॅनिक होतं. मग सर्व्हर बंद. हल्लेखोराला फक्त असं एक कनेक्शन लागतं, ज्यावरून सर्व्हर त्याला डेटा पाठवतो आहे. तुमच्या वेब सर्व्हरचं कामच ते आहे.

हा दोष कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून होता. दहा वर्षं असंख्य सर्व्हर तो बाळगून होते.

तुमच्या साहेबांचा रीबूटचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. रीबूट खरंच अडचणीचं असतं. अशा वेळी तात्पुरते उपाय असतात, याही दोषासाठी होते. सॅक बंद ठेवायचं, किंवा तुकड्याची मर्यादा संशयास्पद इतकी लहान सांगणारी कनेक्शन फायरवॉलवर टाकून द्यायची. हा दुसरा उपाय एमटीयू प्रोबिंग (वाटेत किती मोठं पॅकेट जाईल याची चाचपणी) बंद असेल तरच लागू पडतो, आणि सूचनेतली ही अट वाचायची राहून जाते. पण तात्पुरत्या उपायालाही किंमत पडते. सॅक बंद असलेल्या सर्व्हरवर लांबच्या किंवा पॅकेट गळणाऱ्या लाइनवरची डाउनलोड रखडतात. पॅच कधीच पडलेला आहे, पण सॅक अजून बंदच, आणि साइट का मंद आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशी मशीन मी पाहिली आहेत. म्हणून उपाय केला त्याच दिवशी नोंदवहीत लिहा : काय बदललं, कोणत्या दोषासाठी, आणि कोणता पॅच पडल्यावर ते पूर्ववत करायचं.

साहेबांना आणखी एक सांगा. ‘फक्त सेवा बंद पडते’ आणि ‘मशीनचा ताबा जातो’ यांतली सीमा आपल्याला वाटते तितकी पक्की नसते. ऑक्टोबर २०२० मध्ये विंडोजमधला सीव्हीई-२०२०-१६८९८ हा दोष जाहीर झाला. आयपीव्ही६ च्या राउटर ॲडव्हर्टाइजमेंटमध्ये (राउटर मशीनना पाठवतो त्या माहितीत) डीएनएस सर्व्हरची माहिती देणारा एक ऑप्शन असतो. त्याची लांबी नियमानं विषम असायला हवी. विंडोज सम लांबीचा ऑप्शनही पुढे नेत असे आणि तिथे बफर ओसंडत असे. प्रात्यक्षिकांत दिसली ती निळी स्क्रीन, पण मायक्रोसॉफ्टनं त्याची नोंद दुरून कोड चालवता येण्याजोगा दोष अशी केली होती. मेमरीची अशी गडबड असलेला दोष आज मशीन पाडण्यापुरता दिसत असला, तरी उद्या तो तेवढाच राहील याची हमी कोणी देऊ नये.

प्रश्न : आमच्या वेब सर्व्हरच्या कर्नल लॉगमध्ये ‘पोर्ट ४४३ वर सिन फ्लडिंगची शक्यता, कुकीज पाठवत आहे’ अशा अर्थाची ओळ रोज सकाळी दिसते. साइट चालू असते. आमच्यावर हल्ला होतो आहे का?

उत्तर : रोज ठरावीक वेळी दिसते म्हणता, म्हणजे बहुधा नाही. सिन म्हणजे कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट. सर्व्हर त्याला सिन-ॲक हे उत्तर देतो आणि क्लायंटच्या तिसऱ्या पॅकेटनं कनेक्शन पूर्ण होतं. नुसती सिन पाठवून रांग भरणं म्हणजे सिन फ्लड, आणि कुकीज ही त्यावरची युक्ती, ती पुढच्या उत्तरात सांगते. कर्नलला समोरच्याचा हेतू कळत नाही. कनेक्शनची रांग भरली, एवढंच त्याला कळतं आणि तेवढ्यावर तो ही ओळ लिहितो. रांग हल्ल्यानंही भरते आणि सकाळी सगळे एकदम लॉगिन करू लागले तरी भरते.

आधी रांग किती लांब आहे ते बघा. एसएस ही कमांड लिसनिंग सॉकेटसाठी चालवलीत की दोन आकडे दिसतील. लिसनिंग सॉकेटच्या बाबतीत रिसीव्ह-क्यू म्हणजे तयार झालेली, पण ॲप्लिकेशननं अजून न उचललेली कनेक्शन, आणि सेंड-क्यू म्हणजे त्या रांगेची मर्यादा. (चालू कनेक्शनच्या बाबतीत याच दोन रकान्यांचा अर्थ निराळा असतो, तिथे गोंधळू नका.) मर्यादेच्या जागी १२८ दिसलं तर उत्तर जवळपास मिळालंच. लिनक्स कर्नलच्या ५.४ आवृत्तीच्या आधी ही कमाल मर्यादा मुळात १२८ असे, त्या आवृत्तीत ती ४०९६ केली गेली. ॲप्लिकेशन मागतं तो आकडा आणि सिस्टिमची मर्यादा, यांतला लहान असेल तो लागू होतो. त्यामुळे एकच वाढवून भागत नाही. दोन्ही वाढवा आणि नंतर ॲप्लिकेशन पुन्हा सुरू करा, कारण रांगेचा आकडा ते सुरू होतानाच ठरतो. रिसीव्ह-क्यू सतत मर्यादेला टेकलेला असेल, तर मात्र रांग लांबवून उपयोग नाही. ॲप्लिकेशनला कनेक्शन उचलायला उशीर होतो आहे, तिथे लक्ष घाला.

खरा हल्ला कसा दिसतो? सिन-रिसीव्ह्ड (सिन आलं, तिसरं पॅकेट अजून नाही) अवस्थेतली कनेक्शन शेकड्यांनी वाढतात, पत्ते विखुरलेले असतात आणि त्यातलं जवळपास एकही पूर्ण होत नाही. अशी प्रत्येक नोंद बराच वेळ जागा अडवते. सर्व्हर सिन-ॲक पाठवतो, उत्तर आलं नाही म्हणून आणखी पाच वेळा पाठवतो, आणि दर वेळी आधीच्या दुप्पट थांबतो : १, २, ४, ८, १६, ३२ सेकंद. एकूण ६३ सेकंद. समोरच्यानं एक पॅकेट सोडून दिलं, तुमच्या सर्व्हरनं त्याच्यासाठी मिनिटभर जागा राखली.

लॉगमधली ओळ नकोशी वाटते म्हणून कुकीजची सेटिंग शून्यावर नेऊ नका, ही कळकळीची विनंती. ती १ वर असते तेव्हा रांग भरली तरच कुकीज वापरल्या जातात. गर्दीच्या क्षणीही तुमची साइट चालू राहते, त्यात त्यांचा वाटा आहे.

प्रश्न : मी संगणक शाखेची विद्यार्थिनी आहे. सिन कुकी वापरली की सर्व्हर पहिल्या पॅकेटची कुठेच नोंद ठेवत नाही असं शिकवलं. मग तिसरं पॅकेट खरं की खोटं हे तो ओळखतो कशावरून?

उत्तर : हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला. या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडलेली कल्पना हीच आहे.

आधी थोडा इतिहास. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या पॅनिक्स या इंटरनेट सेवा कंपनीचे सर्व्हर सिन फ्लडनं बंद पाडले गेले. ही युक्ती त्याच वर्षी छापूनही आली होती. तेव्हाच्या बीएसडी घराण्यातल्या सिस्टिम्सवर प्रोग्रॅमनं पाचची रांग मागितली की प्रत्यक्षात आठ अर्धवट कनेक्शन मावत, आणि प्रत्येकासाठी ७५ सेकंद वाट पाहिली जाई. म्हणजे सव्वा मिनिटात आठ पॅकेट्स, तीही खोट्या पत्त्यावरून, एवढ्यावर सेवा बंद. तोडगा म्हणून रांग लांबवता येते, वाट पाहण्याचा वेळ कमी करता येतो. दोन्ही केलं गेलं. पण हल्लेखोराला पॅकेट्सचा वेग वाढवायला काहीच कष्ट पडत नाहीत.

डॅनियल बर्नस्टाइन आणि एरिक शेंक यांनी त्याच महिन्यात वेगळा मार्ग मांडला. सर्व्हरनं काही लक्षातच ठेवायचं नाही. टीसीपीत सर्व्हर आपल्या सिन-ॲकमध्ये ३२ बिटांचा एक सुरुवातीचा क्रमांक पाठवतो. क्लायंटनं तिसऱ्या पॅकेटमध्ये त्यात एक मिळवून तो परत करायचा, हा प्रोटोकॉलचा नियमच आहे. मग आपल्याला जे लक्षात ठेवायचं ते त्या क्रमांकातच का भरू नये? बर्नस्टाइन यांच्या रचनेत वरच्या ५ बिटांत वेळ असते, दर ६४ सेकंदांनी एकानं वाढणाऱ्या मोजणीला ३२ नं भागून उरलेली बाकी. पुढच्या ३ बिटांत तुकड्याच्या कमाल आकाराचा संकेत. उरलेल्या २४ बिटांत दोन्हीकडचे पत्ते, पोर्ट आणि वेळ यांवरून गुप्त किल्ली वापरून काढलेलं मूल्य.

तिसरं पॅकेट आलं की सर्व्हर त्यातला क्रमांक घेतो, एक वजा करतो, त्याच पत्त्या-पोर्टवरून तेच गणित पुन्हा करतो आणि जुळतं का पाहतो. जुळलं आणि वेळ फार जुनी नसली, तर हा क्लायंट खरोखर त्या पत्त्यावर आहे आणि आपलं पॅकेट त्याला मिळालं होतं हे सिद्ध झालं. मेमरी खर्च होते ती यानंतर. आपल्या सहीची चिठ्ठी समोरच्याच्याच हाती द्यायची आणि तो ती घेऊन परत आला की फक्त सही पडताळायची, तसं हे आहे. खोट्या पत्त्यावरून सिन पाठवणाऱ्याला चिठ्ठी मिळतच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी सर्व्हरला जागा राखावी लागत नाही.

आता किंमत, कारण परीक्षेत हाच उपप्रश्न येतो. तुकड्याच्या आकारासाठी ३ बिट, म्हणजे आठच पर्याय. मूळ सिनमधले विंडो स्केलिंग आणि सॅकसारखे ऑप्शन ठेवायला जागाच नाही. लिनक्स २.६.२६ पासून, टाइमस्टॅम्प चालू असतील तर, ते ऑप्शन टाइमस्टॅम्पच्या काही बिटांत दडवतं. आणि एक बारीक अडचण, जी पुस्तकांत क्वचित दिसते. ज्या प्रोटोकॉलमध्ये आधी सर्व्हर बोलतो, उदाहरणार्थ ईमेल पाठवण्याचा एसएमटीपी, तिथे तिसरं पॅकेट हरवलं तर काय होईल? क्लायंटला वाटतं कनेक्शन झालं, तो सर्व्हरच्या बोलण्याची वाट पाहत राहतो. सर्व्हरला काही आठवतच नाही, त्यामुळे तो सिन-ॲक पुन्हा पाठवत नाही. वेळ संपेपर्यंत क्लायंट ताटकळतो. म्हणूनच कुकीज नेहमी न वापरता रांग भरल्यावरच वापरणं मला योग्य वाटतं.

प्रश्न : टीसीपी-आयपी इतकं जुनं आहे. त्यातले दोष एव्हाना संपायला नकोत का?

उत्तर : प्रोटोकॉल जुना असला तरी त्याचा कोड सतत नव्यानं लिहिला जातो, वेगवान केला जातो, आणि जुनी खोड नव्या कोडमध्ये पुन्हा येते.

आयपीमध्ये मोठ्या पॅकेटचे तुकडे होतात, ते जोडण्याचंच काम पाहा. १९९६ च्या अखेरीस ‘पिंग ऑफ डेथ’ गाजलं. तुकड्याची जागा १३ बिटांत, आठ-आठ बाइटांच्या मापानं सांगतात, म्हणजे शेवटची जागा ६५,५२८. अख्ख्या पॅकेटची मर्यादा मात्र ६५,५३५. त्या शेवटच्या जागी ७ बाइटांहून मोठा तुकडा ठेवला की जोडलेलं पॅकेट मर्यादेबाहेर जातं, आणि अनेक सिस्टिम्स हे तपासतच नव्हत्या. १९९७ मध्ये ‘टिअरड्रॉप’ आला. त्यात तुकडे एकमेकांवर चढलेले असत. त्याच वर्षीचा ‘लँड’ हल्ला म्हणजे पाठवणारा आणि घेणारा एकच पत्ता, एकच पोर्ट असलेलं सिन पॅकेट. विंडोजमधला हा दोष मिटला असं सगळे धरून चालले होते. २००५ मध्ये तो विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ आणि सर्व्हर २००३ मध्ये पुन्हा सापडला.

२०१८ ची गोष्ट जास्त शिकण्यासारखी आहे. ऑगस्टमध्ये सेगमेंटस्मॅक आणि फ्रॅगमेंटस्मॅक हे दोष जाहीर झाले, ते फिनलंडच्या युहा-मट्टी टिल्ली यांनी शोधले होते. पहिल्यात टीसीपीचे तुकडे मुद्दाम उलटसुलट क्रमानं पाठवायचे, की ते लावून ठेवण्याच्या खटपटीत प्रोसेसर अडकून पडतो. त्यासाठी कनेक्शन पूर्ण व्हावं लागतं, त्यामुळे खोटा पत्ता चालत नाही. दुसऱ्यात आयपीचे तुकडे पाठवायचे, पण पॅकेट पूर्णच करायचं नाही. कर्नल उरलेल्या तुकड्यांची वाट पाहत जुने साठवून ठेवतं आणि प्रत्येक नवा तुकडा आला की साठा धुंडाळतं. या साठ्याची मर्यादा लिनक्समध्ये आधी २५६ किलोबाइट होती. ३.९ आवृत्तीत ती ४ मेगाबाइट केली गेली. नेटवर्क वेगवान झाली होती, जास्त तुकडे धरून ठेवण्याची गरज खरीच होती. पण साठा मोठा झाला तसं धुंडाळणंही लांबलं, आणि तेच हल्लेखोराच्या कामी आलं. तात्पुरता उपाय काय सुचवला गेला? मर्यादा पुन्हा २५६ किलोबाइटवर आणा. विंडोजवरही हा दोष होता. तिथे तुकडे जोडणंच बंद ठेवण्याचा तात्पुरता उपाय होता, पण मग ज्या सेवा मोठी यूडीपी पॅकेट्स तुकड्यांत पाठवतात त्या अडतात.

कर्नल लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, त्यांचं काम सोपं नाही. तरीही नेटवर्कच्या कोडचा प्रत्येक बदल तपासताना एक प्रश्न सक्तीनं विचारला जावा असं माझं मत आहे : ज्यानं अजून स्वतःची ओळख पटवलेली नाही, त्याच्यासाठी हा कोड जास्तीत जास्त किती मेमरी आणि किती वेळ खर्च करेल? ‘साधारणपणे फार नाही’ हे उत्तर चालू नये. आकडा हवा.

प्रश्न : पुढे चांगली फायरवॉल आणि मशीनवर अँटिव्हायरस आहे. मग या दोषांची काळजी करावी का?

उत्तर : अँटिव्हायरसचं काम मुख्यतः फायली आणि प्रोग्रॅम तपासण्याचं. ही पॅकेट्स त्याआधीच कर्नलमध्ये हाताळली जातात. फायरवॉल विचित्र पॅकेट्स अडवते, त्याचा उपयोग नक्की आहे. पण फायरवॉलमध्येही ऑपरेटिंग सिस्टिमच असते आणि तिच्याही कनेक्शनच्या तक्त्याला मर्यादा असते. तिचे अपडेट कधी टाकले होते ते आजच पाहा. लाइनच भरून टाकणारा हल्ला असेल, तर तो तुमच्या दारात येऊन थांबवता येत नाही. तो इंटरनेट सेवा पुरवणाऱ्याकडेच, तुमच्याकडे येण्याआधी अडवावा लागतो.

प्रश्न : सिन फ्लड आणि कुकीजचा प्रयोग स्वतः करून पाहायचा आहे. कॉलेजच्या नेटवर्कवर केला तर चालेल का?

उत्तर : नाही. दुसऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय असा प्रयोग करणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि त्याच्याही आधी तिथे कोणाचं तरी काम चालू असतं. स्वतःच्या संगणकावर दोन व्हर्च्युअल मशीन घ्या आणि त्यांचं नेटवर्क बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडा. एकावर लहान रांगेचा साधा सर्व्हर चालवा. आधी कुकीजची सेटिंग ० ठेवा, मग १, आणि दोन्ही वेळा सिन-रिसीव्ह्ड अवस्थेतली कनेक्शन मोजत खरं कनेक्शन जोडायचा प्रयत्न करा. अनेकांचा प्रयोग एका ठिकाणी अडतो. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून तुम्ही चालू असलेल्या मशीनचा पत्ता घातलात, तर न मागितलेला सिन-ॲक पाहून ते मशीन आरएसटी (कनेक्शन तोडण्याचं पॅकेट) पाठवतं, सर्व्हर ती नोंद लगेच पुसतो आणि रांग भरतच नाही. पत्ता त्या नेटवर्कच्या आवाक्यातला, पण कोणालाच न दिलेला असू द्या. तरीही रांग भरली नाही, तर पॅकेट कॅप्चरमध्ये आरएसटी दिसतो का ते आधी शोधा.